नीतीची चौकी कोणाच्या दारात?

सरकारने समाजाच्या नीतीवर पहारा ठेवावा की नाही, हा प्रश्न आपल्याकडे दर दहा-वीस वर्षांनी नव्याने उपस्थित होतो आणि प्रत्येक वेळी तो आजच निर्माण झाला आहे अशा थाटात त्याची चर्चा होते. कोणी म्हणतो, समाज बिघडला, आता कायदाच हवा. कोणी म्हणतो, कलेला कायद्याचा स्पर्शही नको. या दोन्ही पक्षांचे वकील विद्वान आहेत. आम्ही विद्वान नव्हे. आमचे आयुष्य कामगारांच्या सभा, फाटकावरची भाषणे, पगाराचे तक्ते आणि कोर्टाच्या तारखा यांत गेले. वाचन केले ते रात्री आणि प्रवासात. परंतु कायदा कागदावर काय म्हणतो आणि प्रत्यक्षात तो कोणाच्या मानगुटीवर बसतो, हे पाहण्याची सवय आम्हांला धंद्यानेच लावली आहे. त्या सवयीने या प्रश्नाचा सुमारे दीडशे वर्षांचा इतिहास तपासून पाहावा, एवढाच आमचा हेतू आहे.

पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली ती १८७५ साली. त्याच वर्षाच्या अखेरीस इंग्लंडचा युवराज कलकत्त्यास आला. तेथील जगदानंद मुखर्जी नावाच्या एका वकिलाने त्याला आपल्या घरी बोलावले आणि घरच्या स्त्रियांकडून अंतःपुरात त्याचे स्वागत करविले. गावात त्याची चेष्टा झाली. ग्रेट नॅशनल थिएटर या नाटक मंडळीने त्यावर एक प्रहसन रंगभूमीवर आणले. ते पोलिसांनी बंद पाडले. मंडळींनी नाव बदलून ते पुन्हा केले, आणि पुढे पोलीस अधिकाऱ्यांचीही थट्टा उडविली. तेव्हा फेब्रुवारी १८७६ मध्ये व्हाइसरॉय नॉर्थब्रुक यांनी वटहुकूम काढला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस त्याचा कायदा झाला.

आता गंमत पाहा. या मंडळींना पकडले ते राजाची थट्टा केली म्हणून नव्हे. ‘सुरेंद्र-विनोदिनी’ नावाचे त्यांचे दुसरेच एक नाटक अश्लील आहे, असा आरोप ठेवण्यात आला. उपेंद्रनाथ दास आणि अमृतलाल बसू यांना शिक्षाही झाली. वरच्या न्यायालयात ती टिकली नाही. परंतु तोपर्यंत सरकारचे काम झाले होते. दुखावला होता दरबाराचा अहंकार. कागदावर मात्र नाव लागले नीतीचे. १८७६ च्या कायद्यातही बदनामी करणारे, सरकारविषयी अप्रीती निर्माण करणारे आणि प्रेक्षकांची नीती भ्रष्ट करणारे असे तिन्ही खेळ एकाच कलमात बसविले होते. पोलिसांनी थिएटरात शिरावे, सापडतील त्यांना ताब्यात घ्यावे, पडदे आणि पोशाख जप्त करावेत, इतके अधिकार त्यात होते. महाराष्ट्रात १९१० साली खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’वर बंदी आली. द्रौपदीच्या अब्रूची काळजी सरकारला पडली होती असे कोणी म्हणणार नाही. कीचकात कर्झन दिसत होता, हे खरे कारण होते. हा १८७६ चा कायदा स्वातंत्र्यानंतरही सत्तर वर्षे केंद्राच्या कायद्यांच्या यादीत राहिला आणि २०१८ साली रद्द झाला. राज्य बदलले तरी अशी हत्यारे कोणी सहजासहजी खाली ठेवत नाही, हा पहिला धडा.

दुसरा धडा इंग्लंडातल्या एका खटल्याचा आहे. १८६८ साली हिक्लिन खटल्यात न्यायमूर्ती कॉकबर्न यांनी अश्लीलतेची कसोटी सांगितली. ज्यांची मने वाईट प्रभावाला बळी पडण्याजोगी आहेत आणि ज्यांच्या हाती ते पुस्तक पडू शकते, त्यांना बिघडविण्याची प्रवृत्ती त्या लिखाणात आहे काय, अशी ती कसोटी. वरकरणी हे किती समंजस वाटते! पण ‘ज्यांच्या हाती पडू शकते’ याचा व्यवहारातला अर्थ काय? महाग, चामडी बांधणीचे पुस्तक साहेबाच्या कपाटात पडते. स्वस्त पुस्तक कारकुनाच्या आणि गिरणीतल्या पोराच्या हाती पडते. म्हणजे जे साहेबाने वाचले तर साहित्य, ते मजुराने वाचले तर अनाचार! मजुराचे मन कच्चे आहे, हे या कसोटीत न बोलता गृहीत धरलेले आहे. हीच कसोटी आपल्या न्यायालयांनी पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ वापरली.

तिचा फटका कोणाला बसला ते पाहू. प्रा. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि जुलै १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविले. त्या मासिकावर एकाहून अधिक वेळा अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात कर्व्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. खटला हरला, कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. हा दंड भद्र समाजाला किरकोळ वाटला असेल. परंतु चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत आठवे मूल वाढविणाऱ्या बाईला जी माहिती हवी होती, ती देणारे मासिकच गुन्हेगार ठरले होते. डॉक्टरकडे जाण्याची ऐपत असलेल्या घराला मासिकाची गरज नव्हती. पुढे नोव्हेंबर १९३८ मध्ये मुंबई विधिमंडळात स्वतंत्र मजूर पक्षातर्फे, आंबेडकरांच्या वतीने, संततिनियमनाचा ठराव मांडला गेला आणि तोही नामंजूर झाला. ज्या संततिनियमनासाठी कर्व्यांनी केंद्र काढले, तोच विषय स्वतंत्र भारताच्या सरकारने १९५२ पासून आपला राष्ट्रीय कार्यक्रम म्हणून हाती घेतला. एका पिढीने नामंजूर केलेली गोष्ट दुसऱ्या पिढीचे सरकारी धोरण होते! मधल्या पिढीतल्या बायांनी जे सोसले, त्याची भरपाई मात्र कोणी केली नाही.

स्वातंत्र्य आले, पहारेकरी बदलले, चौकी तीच राहिली. ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ ही कादंबरी विकल्याबद्दल मुंबईच्या एका पुस्तकविक्रेत्याला वीस रुपये दंड झाला आणि १९६४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. पुस्तक अश्लील आहे हे विक्रेत्याला ठाऊक होते की नाही, हे सिद्ध करण्याची गरज नाही, असे न्यायालयाने म्हटले. म्हणजे फळीवर मांडलेले प्रत्येक पुस्तक दुकानदाराने पोलिसाच्या डोळ्यांनी वाचावे! चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ ही कथा १९६२ च्या ‘रंभा’ दिवाळी अंकात आली. खालच्या न्यायालयाने सोडले, उच्च न्यायालयाने पंचवीस रुपये दंड केला, आणि १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडले. पंचवीस रुपयांसाठी सात वर्षे! तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’ची १९७२ साली हीच गत झाली. प्रयोग रोखले गेले, आणि कमलाकर सारंगांना न्यायालयात लढून ते नाटक सोडवून आणावे लागले. अशा लढ्यात अखेर निकाल कोणाच्या बाजूने लागला याला फारसे महत्त्व नसते. तारखांचे हेलपाटे हीच शिक्षा असते. कामावरून काढलेला मजूर दहा वर्षांनी खटला जिंकतो तेव्हा त्याने काय जिंकलेले असते, हे आम्हांला कोणी शिकवायला नको.

आणि हे लोण आमच्या दारातही आले. बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेच्या एका खाजगी वितरणाच्या पत्रिकेत १९९४ साली वसंत दत्तात्रेय गुर्जर यांची ‘गांधी मला भेटला’ ही कविता छापली गेली. कविता जुनी होती. तरी खटला झाला, आणि तो २०१५ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. संपादकाने पूर्वीच माफी मागितली होती, म्हणून तो सुटला. कवीवरचा खटला मात्र पुढे चालू ठेवण्यात आला. एकवीस वर्षे! युनियनच्या पत्रिकेचा संपादक हा संध्याकाळी काम आटोपल्यावर प्रुफे तपासणारा साधा माणूस असतो. असा एक खटला झाला की पुढे शंभर पत्रिका घाबरून निव्वळ परिपत्रके छापू लागतात. दंड न करताही तोंड बंद करता येते, ते असे.

आता अगदी अलीकडचे आणि आमच्या मते सर्वांत बोलके प्रकरण. ऑगस्ट २००५ मध्ये महाराष्ट्र सरकारने मुंबई पोलीस कायद्यात दोन कलमे घातली. पहिल्याने खाणावळी, परमिट रूम आणि बिअर बारमधील सर्व नाच बंद केला. दुसऱ्याने तीन तारांकित आणि त्यावरची हॉटेले, तसेच सभासदांपुरते क्लब आणि जिमखाने यांना त्या बंदीतून वगळले. ही दोन कलमे शेजारी शेजारी ठेवून वाचावीत. त्यांवर भाष्याची गरज नाही. नाच तोच, गाणे तेच. पाहणाऱ्याचा खिसा जड असला की नीती शाबूत राहते! बेकार झालेल्या स्त्रियांचा न्यायालयासमोर आलेला आकडा पंचाहत्तर हजारांवर होता. एखादी गिरणी बंद झाली तर निदान नोटीस, देणी, ग्रॅच्युइटी यांची भाषा तरी होते. येथे एका कलमाने हजारो चुली विझल्या, आणि त्या कलमात त्यांच्या भाकरीविषयी एक शब्द नव्हता.

एप्रिल २००६ मध्ये उच्च न्यायालयाने हे कलम रद्द केले. समानतेचा आणि व्यवसाय करण्याचा हक्क यांचा त्यात भंग होतो, असे सांगितले. जुलै २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच कायम केले. बंदीमुळे अनेकींना पोटासाठी शरीरविक्रय पत्करावा लागला हे आपल्या नजरेस आणले गेल्याचे नमूद करून, रोगापेक्षा उपाय वाईट, असा अभिप्राय त्या न्यायालयाने दिला. यावर सरकारने काय केले? २०१४ साली तारांकित हॉटेलांनाही बंदी लावून विषमता तेवढी मिटविली! तिलाही न्यायालयाने २०१५ साली स्थगिती दिली, तेव्हा २०१६ साली नवा कायदा आला. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यातील कॅमेऱ्यांची सक्ती, शाळा-देवळांपासून एक किलोमीटर अंतराची अट अशा कित्येक गोष्टी काढून टाकल्या. परंतु काम करणाऱ्या स्त्रीशी लेखी करार करावा आणि तिचा मेहनताना बँकेत जमा करावा, हे तत्त्व मान्य केले. चौदा वर्षांच्या झगड्यातून बाईच्या खऱ्या कामाची निघाली ती एवढीच गोष्ट, आणि ती नीतिशास्त्रातून आलेली नाही. ती कामगार कायद्याच्या पोथीतली आहे.

आता येथे एक आक्षेप येईल आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. सभांनंतर कामगारांच्या बायका आमच्याकडे येत, आणि म्हणत, “भाऊ, तुम्ही पगार वाढवून आणता आणि तो बारमध्ये उधळला जातो. बंद करा ना ते बार!” त्यांचे दुःख खरे होते. पगाराच्या दिवशी रिकाम्या हाताने घरी आलेल्या नवऱ्याची वाट ज्या बाईने पाहिली आहे, तिला घटनेचे कलम वाचून दाखविणे हा निर्दयपणा आहे. तिला उत्तर दिलेच पाहिजे. आमचे उत्तर असे: बंदी पूर्वीही करून पाहिली आहे. १९४९ च्या दारूबंदी कायद्याने या राज्यात दारू सुटली नाही. हातभट्टी आली, हप्ता आला, आणि विषारी दारूने माणसे मेली. बंदीचा खर्च शेवटी त्याच बाईच्या अंगावर पडला. तिला हवी आहे ती पगारातली तिची वाटणी, पतपेढीत तिच्या नावाचे खाते, मारहाण झाली तर तक्रार लिहून घेणारे ठाणे. ज्या ठाण्याला बाईची तक्रार लिहून घ्यायला सवड नसते, त्याला बारमधल्या बाईचा पदर मोजायला सवड कशी मिळते, हा प्रश्न तिनेही विचारावा.

म्हणजे सरकारने काहीच करू नये काय? असे आम्ही मुळीच म्हणत नाही. मुलांची चित्रे काढून विकणारा, एखाद्या मुलीचे खाजगी छायाचित्र तिच्या संमतीवाचून चव्हाट्यावर टाकणारा, कामाच्या जागी बाईला हात लावणारा मुकादम, यांना कायद्याने धरलेच पाहिजे. २०१२ चा बालकांच्या संरक्षणाचा कायदा आणि २०१३ चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा त्यासाठीच आहेत. येथे अमुक एका माणसाला इजा झाली आहे, तिला नाव आहे, ती साक्ष देऊ शकते. अश्लीलतेच्या खटल्यात इजा कोणाला झाली, हे कोणालाच सांगता येत नाही. तेथे फिर्यादी असतो ‘समाज’, आणि समाजाच्या वतीने बोलतो तो बहुधा हवालदार किंवा पुढारी.

जुना दंडसंग्रह १ जुलै २०२४ रोजी गेला आणि भारतीय न्याय संहिता आली. कलमांचे आकडे बदलले. अश्लीलतेची कल्पना बहुतेक तीच राहिली. तेव्हा पुढच्या काळातही असे प्रसंग येतील आणि आपल्याला बाजू घ्यावी लागेल. त्या वेळी शब्दांच्या गदारोळात न सापडता श्रोत्यांनी तीन साधे प्रश्न विचारावेत, अशी आमची विनंती आहे. या कृत्याने कोणाला इजा झाली? हा नियम पंचतारांकित हॉटेलाला आणि नाक्यावरच्या बारला सारखाच लागू आहे काय? आणि उद्या सकाळी कोणाची रोजी बुडणार आहे? या तिन्ही प्रश्नांची सरळ उत्तरे मिळाली तर कायदा खुशाल करावा. ती मिळत नसतील तर तो कायदा नीतीच्या नावाने काढलेली टाळेबंदी आहे, असे समजावे. आणि टाळेबंदीच्या बाबतीत काय करायचे असते, हे कामगारांना ठाऊक आहे.