टोपीवरील तुरा

पावसाळ्यांत भातखाचरांतून संथपणें हिंडणारा शुभ्र बगळा आपण सर्वांनींच पाहिला आहे. विणीचा हंगाम आला म्हणजे त्याच्या पाठीवर रेशमासारखीं तलम पिसें फुटतात आणि हंगाम सरला कीं तीं गळून जातात. या चार पिसांपायीं कांहीं देशांतून बगळ्याचें नांवच पुसलें जाण्याची वेळ आली होती. ती कशी टळली, हें आज सांगावयाचें आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत युरोप-अमेरिकेंतील स्त्रियांच्या टोप्यांवर पिसांचे तुरे खोवण्याची चाल बळावली. १९०३ सालीं अमेरिकेंत शिकाऱ्याला बगळ्याच्या पिसांच्या एका औंसास ३२ डॉलर मिळत; म्हणजे सोन्याच्या भावाच्या जवळजवळ दीडपट! हीं पिसें विणीच्या दिवसांतच असतात. म्हणून शिकारी घरट्यांच्या वसाहतींवरच चालून जात. पिलांना सोडून आईबाप दूर जाईनात; त्यांची मायाच त्यांच्या जिवावर बेते. ते मारले गेले म्हणजे मागें पिलें भुकेनें तडफडून मरत. एका घावांत दोन पिढ्या जात.

या व्यापाराविरुद्ध आवाज उठला तो राजसभेंत नव्हे, दिवाणखान्यांत. १८८९ सालीं मँचेस्टरजवळील डिड्सबरी येथें एमिली विल्यमसन या बाईंनीं पक्षिरक्षणासाठीं स्त्रियांची एक संस्था काढली. जो पक्षी खाण्यासाठीं मारलेला नाहीं त्याचें पीस वापरावयाचें नाहीं, असा तिचा नियम होता. अपवाद एकट्या शहामृगाचा. क्रॉयडन येथें एलायझा फिलिप्स व एटा लेमन यांचाही असाच उद्योग चालला होता. १८९१ सालीं दोन्ही मंडळ्या एक झाल्या व १९०४ सालीं संस्थेस राजाची सनद मिळाली.

अमेरिकेंतील बॉस्टन शहरीं १८९६ सालीं हॅरिएट हेमेनवे व मिना हॉल या नात्यांतल्या दोघींनीं प्रतिष्ठित घरांची यादी पुढें घेतली आणि चहाच्या बैठकी भरवून सुमारें ९०० स्त्रियांना या कार्यांत ओढलें. लौकरच कायदेही झाले; १९०३ सालीं फ्लॉरिडांतील पेलिकन बेट पक्ष्यांसाठीं राखून ठेवण्यांत आलें. परंतु कायदा कागदावर असतो आणि पक्षी दलदलींत. तेथें पहारा करणारा गाय ब्रॅडली १९०५ सालीं गोळीस बळी पडला, आणि त्याला मारणारावर खुनाचा खटलाही उभा राहिला नाहीं.

हिंदुस्थानांतून पिसांच्या निर्यातीस १९०२ सालींच बंदी झाली होती; पण लंडनचा बाजार उघडाच होता. गळून पडलेलीं पिसेंच आम्ही वेंचून आणतों, अशी व्यापाऱ्यांची सबब असे. १९११ सालीं संस्थेनें बगळ्याच्या कत्तलीचीं चित्रें असलेले फलक माणसांच्या अंगावर अडकवून त्यांना लंडनच्या रस्त्यांतून फिरविलें. अखेर १९२१ सालीं पिसांच्या आयातीस बंदी करणारा कायदा पार्लमेंटनें संमत केला.

येथें एक गोष्ट न्यायानें सांगितली पाहिजे. सारा दोष स्त्रियांच्या हौसेवर ढकलणें त्या काळीं सोपें झालें होतें. बंदूक चालविणारे पुरुष, व्यापार करणारे पुरुष आणि कायदा लांबणीवर टाकणारेही बहुतांशीं पुरुषच, याकडे व्हर्जिनिया वुल्फ यांनीं १९२० सालीं लक्ष वेधलें, तें यथार्थच होतें. शिवाय हा कायदाही अपुरा होता. त्यानें पिसें आणण्यास मनाई केली, वापरण्यास नव्हे. उरलेलें काम बदलत्या रुचीनें केलें. परंतु ती रुची बदलावी म्हणून तीस वर्षें ज्यांनीं घरोघर पत्रकें वांटलीं, त्यांचे श्रम विसरतां येत नाहींत.

त्याचें फळ उशिरा कां होईना, पण आलें. युरोपांत लहान बगळ्यांची संख्या हळूहळू वाढली आणि १९९६ सालीं इंग्लंडमधील ब्राउनसी बेटावर त्यांनीं घरटीं बांधलीं. दोन आणे वर्गणीच्या मोलानें सुरू झालेल्या त्या संस्थेचे सभासद आज दहा लाखांहून अधिक आहेत.

आज आपल्याकडे बगळ्यास भय तुऱ्याचें नाहीं. तें तळीं बुजविण्याचें आणि गांवांतील जुनीं झाडें तोडण्याचें आहे. आपल्या वस्तींतील एखाद्या चिंचेवर बगळ्यांचीं घरटीं असतील, तर ती चिंच तुटूं न देणें हें आपल्याही हातचें आहे. डिड्सबरीच्या त्या बाईंच्या हातीं तरी प्रारंभीं याहून अधिक काय होतें?