मानवी हक्क व धर्मपरंपरा

केवळ मनुष्य म्हणून जन्मास आल्यामुळे प्रत्येक व्यक्तीस प्राप्त होणारे, शासनाने दिलेले नसल्यामुळे शासनास काढून घेता न येणारे हक्क म्हणजे मानवी हक्क. या कल्पनेचा उगम धर्मात शोधावयाचा की धर्मसत्तेविरुद्धच्या बंडात, हा विचारवंतांतील जुना वाद आहे. जर्मन विधिज्ञ गेओर्ग येलिनेक (१८५१–१९११) याने १८९५ मध्ये असे प्रतिपादन केले, की १७८९ च्या फ्रेंच जाहीरनाम्याचे मूळ रूसोच्या ग्रंथांत नसून अमेरिकेतील वसाहतींनी धर्मस्वातंत्र्यासाठी दिलेल्या लढ्यात आहे. फ्रेंच पंडित एमील बूत्मी याने १९०२ मध्ये त्याचे खंडन केले व त्या जाहीरनाम्याचे श्रेय अठराव्या शतकातील तत्त्वज्ञानाला दिले. दोघांच्याही मांडणीत धर्मपरंपरा ही एकजिनसी वस्तू असल्याचे गृहीत धरलेले दिसते. प्रत्यक्षात एकाच परंपरेतून, पुष्कळदा एकाच ग्रंथाच्या आधाराने, दास्याचे समर्थनही झाले व त्यास विरोधही झाला. सोळाव्या शतकातील स्पेनमध्ये अमेरिकेच्या मूळ रहिवाशांविषयी जो वाद झाला, त्यात ही गोष्ट विशेष स्पष्टपणे दिसून येते.

दया, दान आणि परधर्मसहिष्णुता यांचा उपदेश बहुतेक सर्व धर्मांत आढळतो. सम्राट अशोकाच्या बाराव्या शिलालेखात इतर पंथांविषयी आदर बाळगण्याची शिकवण आहे. तथापि ती राजाने प्रजेला केलेली शिकवण आहे. प्रजेने राजापुढे मांडलेली मागणी नव्हे. दया ही देणाऱ्याच्या इच्छेवर अवलंबून असते, हक्क मात्र घेणाऱ्यास मागता येतो. या दोहोंमधील अंतर मध्ययुगीन यूरोपात चर्चच्या विधिशास्त्रज्ञांनी काही अंशी ओलांडले. बोलोन्या येथील ग्रेशियन याचे संकलन (सु. ११४०) प्रमाण मानले गेल्यावर त्याच्या भाष्यकारांनी ‘नैसर्गिक न्याय’ या पदाचा अर्थ केवळ बाह्य नियम असा न घेता व्यक्तीच्या ठिकाणी असलेली शक्ती किंवा अधिकार असाही घेतला. उपासमारीने मरणोन्मुख झालेल्या माणसाने श्रीमंताची भाकरी उचलली, तर ती चोरी होत नाही. तो स्वतःच्याच हक्काचे घेतो, असे मत बाराव्या शतकाच्या अखेरीपासून मांडले जाऊ लागले. पोप चौथा इनोसंट (कार. १२४३–५४) याने ख्रिस्तेतरांनाही राज्य व मालमत्ता यांचे न्याय्य स्वामित्व असू शकते, हे मान्य केले. ऑस्टियाचा कार्डिनल (मृ. १२७१) याने मात्र ख्रिस्ताच्या आगमनानंतर असे सर्व स्वामित्व श्रद्धावंतांकडे आले, असा उलट पक्ष घेतला. पुढे अमेरिकेत जे घडले, त्यातील दोन्ही बाजूंची शस्त्रे अशा रीतीने अडीचशे वर्षे आधीच तयार होती.

कोलंबसच्या पहिल्या सफरीनंतर (१४९२) पोप सहावा अलेक्झांडर याने १४९३ मध्ये नव्या प्रदेशांचे दान कॅस्टीलच्या राजघराण्यास केले. पोर्तुगालला आफ्रिकेच्या किनाऱ्याविषयी अशीच आज्ञापत्रे त्यापूर्वीच मिळाली होती व गोव्यातील पोर्तुगीजांच्या ‘पाद्रोआदो’ म्हणजे चर्चविषयक आश्रयाधिकाराची परंपराही तेथूनच सुरू होते. नव्या बेटांत स्पॅनिश वसाहतवाल्यांना एन्कोमिएंदा पद्धतीने मूळ रहिवासी वाटून देण्यात आले. धनी त्यांचे रक्षण करील व त्यांना ख्रिस्ती धर्माचे शिक्षण देईल, त्याबदली ते त्याच्या शेतांत व खाणींत राबतील, अशी ही योजना होती. व्यवहारात तिचा दुसरा भाग तेवढा अमलात आला. १५१३ पासून स्वारीपूर्वी एक निवेदन वाचून दाखविण्याची प्रथा सुरू झाली. त्यात पोपने केलेल्या दानाची हकिकत सांगून शरण येण्यास फर्माविलेले असे व नकार दिल्यास होणाऱ्या हानीचा दोष नाकारणाऱ्यांच्याच माथी मारलेला असे. ते ऐकणाऱ्यांना न कळणाऱ्या भाषेत, कधी ओसाड गावांपुढेही वाचले जाई. विधीचे बाह्यांग सांभाळून अन्याय कसा करता येतो, याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

या व्यवस्थेविरुद्धचा पहिला जाहीर आवाज चर्चच्याच व्यासपीठावरून उठला. २१ डिसेंबर १५११ रोजी सांतो दोमिंगो येथे आंतोन्यो दे मोंतेसिनोस या डोमिनिकन भिक्षूने गव्हर्नर दिएगो कोलंबस व प्रमुख वसाहतवाले यांच्यासमोर प्रवचन केले. हे लोक माणसे नाहीत काय, त्यांना विवेकशील आत्मा नाही काय, कोणत्या अधिकाराने तुम्ही त्यांना अशा दास्यात ठेवले आहे, असे प्रश्न त्याने श्रोत्यांना विचारले. हे प्रवचन सर्व भिक्षूंनी मिळून तयार केले होते व त्यावर सर्वांनी सह्या केल्या होत्या. पुढील रविवारी तो आपले शब्द मागे घेईल, या अपेक्षेने गर्दी जमली. परंतु त्याने तेच म्हणणे अधिक कठोरपणे मांडले आणि इंडियनांना राबविणाऱ्यांचे पापनिवेदन आम्ही ऐकणार नाही, असे बजावले. पापनिवेदन नाकारणे म्हणजे श्रद्धाळू माणसास मोक्षाचा मार्ग बंद करणे होय. भिक्षूंजवळ फौज नव्हती, हे एकच साधन त्यांच्या हाती होते. १५१२ चे बुर्गोसचे कायदे हा या खळबळीचा परिणाम होय. त्यांनी मजुरीवर काही निर्बंध घातले, पण मूळ पद्धतीस मान्यताच दिली.

बार्तोलोमे दे लास कासास (१४८४–१५६६) हा १५०२ मध्ये एस्पान्योला बेटावर आला, तेव्हा तोही इतर वसाहतवाल्यांसारखाच होता. धर्मगुरू झाल्यावरही त्याच्याकडे एन्कोमिएंदा होती. १५१४ मध्ये क्यूबात प्रवचनाची तयारी करीत असता गरिबांच्या धनातून दिलेला बळी ईश्वरास मान्य होत नाही, या आशयाचे ‘एक्लेझिआस्टिकस’ या ग्रंथातील वचन त्याच्या वाचनात आले आणि त्याने आपल्या ताब्यातील इंडियनांना मुक्त केले. पुढील अर्धशतक त्याने राजदरबार, मठ व वसाहती यांमध्ये याच एका कार्यासाठी घालविले. पुढे चिआपासचा बिशप झाल्यावर त्यानेही मोंतेसिनोसच्याच मार्गाने जाऊन, लुबाडलेले परत केल्याखेरीज वसाहतवाल्यांना पापक्षमा देऊ नये, असा नियम केला. आपला रोष ओढवून घेऊन १५४७ मध्ये त्याला स्पेनला परतावे लागले.

लास कासासच्या आंदोलनास तात्त्विक आधार सालामांका विद्यापीठात मिळाला. तेथील ईश्वरविद्येचा प्राध्यापक फ्रान्सिस्को दे व्हितोरिया (सु. १४८३–१५४६) याने अमेरिकेत कधीही पाऊल ठेवले नव्हते. पेरूच्या विजयाच्या वार्तांनी व्यथित होऊन त्याने १५३९ मध्ये इंडियनांविषयी एक व्याख्यान दिले. पाप किंवा अश्रद्धा यांमुळे माणसाचे स्वामित्व नष्ट होत नाही. अन्यथा पापी ख्रिस्ती राजाचेही राज्य जाईल व तसे मानणे हा कॉन्स्टन्सच्या धर्मपरिषदेने (१४१४–१८) निषिद्ध ठरविलेला पाखंड होय, असा त्याचा युक्तिवाद होता. परंपरेच्याच जुन्या निवाड्याचा हा अतिशय चतुर उपयोग होता. सम्राट हा जगाचा धनी नाही, पोपला अख्रिस्ती लोकांवर ऐहिक सत्ता नाही आणि सुवार्ता न स्वीकारणे हे युद्धाचे कारण होऊ शकत नाही, असेही त्याने दाखविले. सम्राट पाचवा चार्ल्स याने त्याच वर्षी नोव्हेंबरात मठाच्या प्रमुखास पत्र लिहून अशा विषयांवरील चर्चा थांबविण्याची आज्ञा केली. तथापि व्हितोरियाने प्रवास, व्यापार व धर्मप्रचार यांचे स्वातंत्र्य सर्व राष्ट्रांना आहे असे सांगून, ते नाकारल्यास स्पेनला युद्धाचा अधिकार येतो, अशी वाटही मोकळी ठेवली. पुढच्या दाराने घालविलेले वसाहतवादाचे समर्थन येथे मागच्या दाराने परत येते, अशी टीका अलीकडील अभ्यासकांनी केली आहे व ती निराधार नाही.

दरम्यान पोप तिसरा पॉल याने १५३७ मध्ये इंडियन ही खरी माणसे असून त्यांचे स्वातंत्र्य व मालमत्ता हिरावून घेता येणार नाही, असे आज्ञापत्र काढले. त्याच्या अंमलबजावणीसाठी दिलेले बहिष्काराच्या दंडाचे पत्र मात्र सम्राटाच्या आग्रहामुळे पुढच्याच वर्षी रद्द करावे लागले. १५४२ च्या ‘नव्या कायद्यां’नी इंडियनांना गुलाम करण्यास मनाई केली व धन्याच्या मृत्यूनंतर एन्कोमिएंदा संपुष्टात यावी, असे ठरविले. पेरूत गोन्सालो पिसारो याने बंड केले, १५४६ मध्ये व्हाइसरॉय लढाईत मारला गेला. तत्पूर्वीच, १५४५ मध्ये, वारसाविषयीचे कलम मागे घेण्यात आले होते.

एप्रिल १५५० मध्ये सम्राटाने न्याय्य पद्धत ठरेपर्यंत नव्या स्वाऱ्या थांबविण्याचा आदेश दिला. आपल्या विजयाचे न्याय्यत्व तपासण्यासाठी सत्ताधीशाने स्वारी थांबवावी, ही घटना इतिहासात दुर्मिळ आहे. त्या वर्षी व्हायादोलिद येथे चौदा परीक्षकांसमोर वाद सुरू झाला. ॲरिस्टॉटलचा भाषांतरकार व राजाचा इतिहासलेखक ह्वान हिनेस दे सेपुल्व्हेदा (१४९०–१५७३) हा स्वारीचा समर्थक होता. मूर्तिपूजा व नरबळी ही पापे, ‘स्वभावतः दास’ असलेल्यांचे रानटीपण, निरपराधांचे रक्षण आणि धर्मप्रसाराची सोय अशी चार कारणे त्याने दिली. त्याचे भाषण सुमारे तीन तासांत संपले. लास कासास आपला ग्रंथ पाच दिवस वाचीत होता. रानटी या शब्दाचे अनेक अर्थ होतात आणि ॲरिस्टॉटलचे वर्णन नगरे, कायदे व राज्ये असलेल्या इंडियनांना लागू पडत नाही, असे त्याने दाखविले. नरबळीचा मुद्दा सर्वांत अवघड होता. त्याविषयी त्याने म्हटले, की ज्यास आपण ईश्वर मानतो त्यास सर्वांत मोलाची वस्तू अर्पण करणे हे स्वाभाविक बुद्धीस धरून आहे; ही चूक समजुतीने दूर करावी, ती दूर करण्यासाठी युद्ध केल्यास बळींपेक्षा अधिक निरपराध माणसे मरतील. स्वतःच्या धर्मावर अढळ श्रद्धा असलेल्या बिशपने परधर्मीयांच्या भक्तीकडे त्यांच्या बाजूने पाहिले, हे या वादातील सर्वांत मोठे पाऊल म्हटले पाहिजे. परीक्षकांनी औपचारिक निकाल दिलाच नाही आणि दोन्ही पक्षांनी आपणच जिंकल्याचे सांगितले. सेपुल्व्हेदाचा मुख्य ग्रंथ १८९२ पर्यंत छापला गेला नाही. दुसऱ्या फिलिपच्या १५७३ च्या आदेशात ‘विजय’ या शब्दाऐवजी ‘शांतता-स्थापना’ हा शब्द आला. वसाहतींतील वस्तुस्थिती त्यामानाने फारशी बदलली नाही.

लास कासासच्या चरित्रातील एक गोष्ट त्याच्या प्रशंसकांनाही अडचणीची वाटत आली आहे. १५१६ मध्ये इंडियनांचा भार हलका व्हावा म्हणून वसाहतींत आफ्रिकी गुलाम आणण्याची सूचना त्याने केली होती. आफ्रिकनांनाही तितक्याच अन्यायाने पकडले जाते, हे कळल्यावर त्याने आपल्या ‘हिस्तोरिया दे लास इंदियास’ या ग्रंथात तीव्र पश्चात्ताप व्यक्त केला. पण तो ग्रंथ १८७५ पर्यंत अप्रकाशित राहिला. हक्क माणूस म्हणून असतात असे म्हणणाऱ्यालाही सर्व माणसे एकदम दिसत नाहीत. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध संघटित चळवळ पुढे मुख्यतः क्वेकर पंथीयांनी उभारली. पेनसिल्व्हेनियातील जर्मनटाउन येथे त्यांच्यापैकी काहींनी १६८८ मध्येच लेखी निषेध नोंदविला होता. तरीही बायबलच्या आधारे गुलामगिरीचे समर्थन करणारे धर्मोपदेशक अमेरिकेत यादवी युद्धापर्यंत होतेच. त्या युद्धानंतर गुलामगिरी नष्ट झाली व महात्मा जोतीराव फुले यांनी आपला ‘गुलामगिरी’ (१८७३) हा ग्रंथ निग्रोंना दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला.

प्रत्येक ठिकाणी परंपरेच्या आतून वाद घालणे शक्य होतेच असे नाही. वसाहतवाले व भिक्षू एकाच वेदीपुढे गुडघे टेकीत असल्यामुळे पापक्षमा नाकारण्यास अर्थ होता. ज्यांना मंदिरात व पाणवठ्यावरही प्रवेश नव्हता, त्यांच्यापाशी असे साधन नव्हते. डॉ. भीमराव आंबेडकर यांनी महाड येथे १९२७ च्या डिसेंबरातील परिषदेत १७८९ च्या फ्रेंच राष्ट्रीय सभेचे उदाहरण समोर ठेवले आणि २५ डिसेंबर रोजी तेथे मनुस्मृतीचे दहन करण्यात आले. पुढे १९५६ मध्ये नागपूर येथे त्यांनी बौद्ध धर्म स्वीकारला. म्हणजे ग्रंथ नाकारला, धर्म नव्हे.

चर्चच्या अधिकृत भूमिकेचा पुढील प्रवास सरळ नाही. ज्या पोपपदाने १५३७ चे आज्ञापत्र काढले, त्यावरील सहावा पायस याने १७९१ मध्ये फ्रेंच जाहीरनाम्यातील स्वातंत्र्यांचा निषेध केला व नवव्या पायसच्या १८६४ च्या सूचीत धर्मस्वातंत्र्याची गणना चुकांत झाली. संयुक्त राष्ट्रांत १९४८ चा मानवी हक्कांचा जाहीरनामा तयार होत असता मनुष्य ईश्वराच्या प्रतिमेनुसार निर्माण झाला, असा उल्लेख करण्याची सूचना ब्राझीलने केली होती. निरनिराळ्या धर्मांच्या व निरीश्वरवादी राष्ट्रांची संमती मिळावी म्हणून ती सोडून देण्यात आली. त्याच मसुद्याच्या पहिल्या कलमात ‘सर्व पुरुष’ असा अर्थ होऊ शकणाऱ्या शब्दांच्या जागी ‘सर्व मानव’ हा शब्दप्रयोग आणविण्याचे श्रेय भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांना दिले जाते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी २,३०८ विरुद्ध ७० मतांनी धर्मस्वातंत्र्य हा मानवी प्रतिष्ठेवर आधारलेला हक्क असल्याचे मान्य केले. पंधराव्या शतकातील आज्ञापत्रांवर उभारलेला ‘शोधाधिकारा’चा सिद्धांत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८२३ मध्ये मूळ रहिवाशांच्या भूमीविषयीच्या निर्णयात आधारभूत मानला होता. व्हॅटिकनने तो ३० मार्च २०२३ रोजी अमान्य केला.