बर्फ, मीठ आणि मिसेस मार्शल

उन्हाळ्याच्या सुटीत आइस्क्रीमचा लाकडी पॉट बाहेर निघे, बर्फावर खडेमीठ पसरले जाई आणि दांडा फिरविण्यासाठी मुलांच्या पाळ्या लागत. हे आपल्यापैकी अनेकांच्या स्मरणात असेल. आइस्क्रीम घरच्या स्वयंपाकघरात शास्त्रशुद्ध रीतीने करता येते, हा विश्वास इंग्लंडमधील गृहिणींना देणाऱ्या ॲग्नेस मार्शल यांचे नाव मात्र आपल्याकडे क्वचितच कानी पडते.

हाताने फिरविण्याच्या यंत्राचे पेटंट अमेरिकेत नॅन्सी जॉन्सन यांनी १८४३ मध्येच घेतले होते. मार्शल यांचे कार्य त्यापुढचे. १८८३ मध्ये त्यांनी लंडनच्या मॉर्टिमर स्ट्रीटवरील पाकशाळा हाती घेतली. १८८५ मध्ये केवळ गोठविलेल्या पदार्थांना वाहिलेला त्यांचा ग्रंथ निघाला आणि १८८६ पासून ‘द टेबल’ हे साप्ताहिक. त्यांच्या नावाचा ‘पेटंट फ्रीझर’ही याच काळात विक्रीस आला. त्याचे भांडे उंच नसून रुंद व उथळ होते आणि बर्फ-मीठ फक्त तळाखाली भरावयाचे. मिठामुळे बर्फाचे तापमान शून्याच्या बरेच खाली जाते. उथळ थरातील मिश्रण काही मिनिटांत गोठते. गोठणे जितके जलद, तितके बर्फाचे स्फटिक बारीक आणि आइस्क्रीम मुलायम.

१८८८ च्या पाककृतिग्रंथात त्यांनी बदामाचे शंकू भाजून त्यांत मलई भरण्याची कृती दिली. आजच्या कोनाचे हे एक जुने रूपच. १९०१ मध्ये तर द्रवरूप हवेचे थेंब टाकून पाहुण्यांनी जेवणाच्या मेजावरच आइस्क्रीम ढवळून करावे, अशी कल्पना त्यांनी मांडली. द्रवरूप नायट्रोजन वापरणारे आजचे बल्लवाचार्य त्याच वाटेने चालले आहेत.

१९०५ मध्ये त्या निवर्तल्या. पुढे त्यांच्या ग्रंथांचे हक्क वॉर्ड लॉक या प्रकाशनसंस्थेकडे गेले. तिच्यापाशी मिसेस बीटन यांचे लोकप्रिय पुस्तक आधीपासून होतेच. मार्शल यांचे नाव मागे पडले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अभ्यासकांनी त्यांना पुन्हा उजेडात आणले, ते मापे आणि कृती छापील स्वरूपात उरली होती म्हणूनच. आपल्या आजी-पणजींची प्रमाणे बहुधा त्यांच्या हातांबरोबरच गेली. ज्या घरी अशी एखादी जुनी वही असेल, त्यांनी ती जपावी.