नारूचे निर्मूलन : औषधावाचून लाभलेला आराम

आपल्या वडीलधाऱ्या मंडळींच्या बोलण्यात ‘नारू’ हा शब्द वारंवार येत असे. आजच्या तरुण पिढीस तो बहुधा शब्दकोशातच भेटतो. हा रोग या देशातून समूळ गेला, आणि तोही कोणत्या औषधाने वा लसीने नव्हे, ही गोष्ट ज्ञातिबांधवांनी मननात घ्यावी अशी आहे.

नारूचा परिचय आपणांस फार जुना. आयुर्वेदीय ग्रंथांत त्यास ‘स्नायुक’ असे म्हटले आहे. दूषित पाणी पोटात गेल्यावर सुमारे वर्षभर मनुष्यास कशाचीच जाणीव नसे. पुढे बहुधा पायावर फोड येई, त्याची विलक्षण आग होई, आणि तो फुटून सुतासारखा पांढरा जंत डोकावू लागे. मादी जंताची लांबी मीटरभरही भरे. त्यावर उपाय एकच : जंत काडीस गुंडाळून रोज बोट-दोन बोटे बाहेर काढावयाचा. हे काम कित्येक दिवस, कधी कित्येक आठवडे चाले. उतावीळपणाने जंत तुटला की पाय सुजे, पू होई, आणि ऐन कामाच्या दिवसांत घरातील कर्ते माणूस अंथरुणास खिळे.

या रोगाचे खरे मर्म याहून निराळे होते. पायाची आग शमावी म्हणून रोगी पायविहिरीत उतरे आणि पाण्यात पाय सोडून बसे. त्यास घटकाभर बरे वाटे. परंतु पाण्याचा स्पर्श होताच जंत आपली असंख्य पिल्ले त्यात सोडी. ती सायक्लॉप्स नामक सूक्ष्म जलचराच्या पोटात वाढत आणि पाण्याच्या घागरीतून घरोघर पोहोचत. हे रहस्य रशियन निसर्गशास्त्रज्ञ अलेक्सी फेडचेंको यांनी 1870 च्या सुमारास उलगडले. एकाचा क्षणिक आराम पुढल्या वर्षी अनेकांचे दुखणे ठरे. वाडा आणि झोपडी हा भेद नारूने कधी पाळला नाही. जेथे पाणी एक, तेथे व्यथाही एक.

म्हणूनच उपायही एकट्यादुकट्याचा असू शकत नव्हता. 1983–84 साली राष्ट्रीय निर्मूलन मोहीम सुरू झाली. 1984 साली महाराष्ट्रासह सात राज्यांत मिळून सुमारे 40,000 रोगी आढळले. पायविहिरींचे रूपांतर कठड्याच्या विहिरींत करण्यात आले, हातपंप बसविण्यात आले, पाण्यात जलचरनाशक द्रव्य टाकण्यात आले. आणि घरोघरी पाणी दाट विणीच्या कापडाने गाळून घेण्याची शिकवण देण्यात आली. गावोगाव फिरून रोग्यांचा शोध घेण्यात आला व जखम उघडी असेतो पाण्यात उतरू नये, अशी त्यांस विनवणी करण्यात आली. अखेरचा रोगी जुलै 1996 मध्ये राजस्थानातील जोधपूर जिल्ह्यात आढळला. पुढे तीन वर्षांहून अधिक काळ डोळ्यांत तेल घालून पाहणी झाल्यावर, फेब्रुवारी 2000 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणित केले.

या विजयात मोठमोठ्या रुग्णालयांपेक्षा गृहिणींच्या हातांतील गाळणीच्या फडक्याचा आणि ठणका सोसूनही विहिरीच्या पायरीवरून मागे फिरलेल्या अनाम रोग्यांचा वाटा अधिक आहे. आजही पाण्यातून पसरणारे रोग आपल्यातून गेलेले नाहीत. स्वतःपुरता आराम शोधणारा समाज रोग पुढे ढकलतो. शेजाऱ्याच्या घागरीची काळजी वाहणारा समाज तो संपवितो. नारूच्या इतिहासाने दिलेला हा धडा आपण विसरू नये.