जुने मद्य आणि भेटीचा मान



मद्य हा विषय निघाला की एकोडीसारख्या गावात काही जण कान टवकारतात आणि काही जण नाक मुरडतात. दोघांचीही आम्ही निराशा करणार आहोत. आमचा विषय पिण्याचा नसून देण्याचा आहे.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधील एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने ‘पेरिप्लस’ नावाचे प्रवासवर्णन लिहिले. भडोच बंदरात इटली, लाओडिकिया आणि अरबस्तान येथील मद्य उतरे व त्यात इटलीच्या मद्याला अधिक मागणी असे, अशी नोंद त्यात आहे. राजासाठी आणावयाच्या वस्तूंची यादी मात्र निराळी. तीत रुप्याची भांडी, सुगंधी उटणी आणि उंची मद्य येते. म्हणजे बाजाराचे मद्य वेगळे आणि नजराण्याचे वेगळे. याच ग्रंथात आपले पैठण व तेर आहेत. नेवाशाला 1954-56 च्या उत्खननात रोमन मद्यकुंभांची खापरेही निघाली. भारतात इतरत्र रोमन समजलेली काही खापरे पुढे मेसोपोटेमियाची ठरली. इतिहासालाही आपला हिशेब दुरुस्त करावा लागतो तो असा.

नजराण्याच्या मद्याचा मान त्याच्या वयात असे. इ. स. पूर्व 121 मध्ये ओपिमियस कॉन्सल असतानाचे मद्य रोममध्ये इतके जपले गेले की, प्लिनीच्या काळी, जवळजवळ दोनशे वर्षांनी, ते मधासारखे घट्ट झाले होते. असे मद्य गाळून, पाणी मिसळून पाहुण्याला देत. आपल्या चरकसंहितेनेही नवे मद्य जड आणि जुने हलके म्हटले आहे.

परंतु जुने मद्य ठेवायला तळघर लागते आणि वाट पाहायला भरलेले पोट लागते. आमच्या झाडीपट्टीत मोह चैत्राच्या सुमारास गळतो. पहाटे फुले वेचायची, वाळवायची, भिजवून आंबवायची आणि मडक्यावर मडके ठेवून अर्क काढायचा. गोंडांच्या घरी जन्म, लग्न, मरण या प्रसंगी तो आधी देवाला व पूर्वजांना आणि मग पाहुण्याला. हे मद्य वयाने लहान, पण मानाने लहान नव्हे.

कौटिल्याने मद्यावर कडक सरकारी ताबा ठेवला. तरी प्रसंगविशेषी कुटुंबांना घरी सुरा करू दिली आणि उत्सव-यात्रांना चार दिवसांची मोकळीक दिली. इंग्रजांना एवढेही सोसले नाही. मुंबई इलाख्यात 1892 मध्ये मोहफुलांवरच कायदा आला. आमच्या मध्यप्रांतातही 1915 च्या अबकारी कायद्याने परवान्यावाचून दारू गाळणे गुन्हा ठरले. पाहुण्याचा मान राखणारा घरधनी गुन्हेगार झाला आणि परवान्याचे दुकान मात्र राजरोस उघडे राहिले!

आम्ही दारूची तरफदारी करीत नाही. पगाराच्या संध्याकाळी विडी कामगाराची मजुरी गुत्त्यावर जाताना आणि घरी चूल थंड राहताना आम्ही पुष्कळदा पाहिली आहे. म्हणूनच भेद स्पष्ट करतो. भेटीच्या मद्याला यजमान असतो, प्रसंग असतो आणि शेवट असतो. गुत्त्याला यांपैकी काहीच नसते. त्याला फक्त गल्ला असतो.

महाराष्ट्र सरकारने 2021 मध्ये मोहफुले गोळा करण्यावरील निर्बंध सैल केले, हे बरे झाले. पण फुलाची किंमत वेचणाऱ्या बाईच्या पदरात किती पडते, हा प्रश्न त्याने सुटत नाही. राजाच्या नजराण्याची नोंद व्यापाऱ्याने ठेवली. तिच्या टोपलीची नोंद आपणच ठेवली पाहिजे.