लुगड्याची वाकळ

औंढा नागनाथ म्हटलें कीं देवालयच डोळ्यांपुढें उभें राहतें. यादवकाळचा तो दगड, भिंतींवरील मूर्ती, मूळ शिखराच्या जागीं मागाहून उभारलेलें शिखर, यांविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. परंतु मराठवाड्यांतील अशा गांवांच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या दुसराहि एक इतिहास घडी घालून ठेवलेला असे. त्याचें नांव वाकळ. नामदेवांना विसोबा खेचर गुरु भेटले ते याच देवळांत, असें परंपरा सांगते. नामदेव शिंपी कुळांतले, आणि त्यांची नरसीहि आजच्या हिंगोली जिल्ह्यांतच. तेव्हां सुईदोऱ्याची गोष्ट येथें काढणें अस्थानीं होणार नाहीं.

लग्नांत माहेरचा आहेर म्हणून आलेलें, ओटीभरणास मिळालेलें किंवा आईच्या मागें वांट्यास आलेलें सुती लुगडें टाकून देण्याची वस्तु नव्हती. रोजच्या नेसण्यानें तें मध्यें विरे. विरलेला भाग कापून उरलेले दोन तुकडे जोडीत. याला दंड घालणें म्हणत. तेंहि फाटलें म्हणजे मऊ भागांचीं दुपटीं व बाळोतीं होत, चिंध्यांची चुंबळ किंवा पोतेरें होई, आणि बाकीचें वाकळेंत जाई. नऊ वार म्हणजे सुमारें सव्वाआठ मीटर. धड लुगडें चौपदरी केलें कीं दोन मीटर लांबीची घडी मिळते, माणूस निजेल नेमकी इतकी! हा हिशेब कोणत्याहि शाळेंत शिकविला जात नसे. वरखालीं बरें कापड, पोटांत जुनेर, आणि कडेपासून आंत आंत येणारे धांवदोऱ्याचे दाट टांके. बंगालच्या कंथेंत जुन्या साडीच्या कांठांतलेच रंगीत धागे ओढून नक्षी भरीत. आमच्या वाकळेला नक्षीपेक्षां उबेची काळजी अधिक.

शालू-पैठणीची गति मात्र निराळी. रेशीम जुनें झालें कीं घडीवर चिरतें. अशा वेळीं बोहारीण दारीं येई आणि जुन्या वस्त्रांच्या मोबदल्यांत भांडें देई. जुनी जर म्हणजे सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची तार. वस्त्र जाळून ती चांदी काढून घेत. अशा रीतीनें सासूनें दिलेला शालू स्वयंपाकघरांत पातेलें होऊन बसे. माझ्या मतें हा सौदा महाग पडला. पातेल्यावर मालकाचें नांव घालतां येतें, परंतु शालू कोणाचा होता हें पातेलें सांगत नाहीं. वाकळ सांगते.

पुढें नायलॉन व पॉलिएस्टरच्या साड्या आल्या. त्या घाम शोषीत नाहींत आणि थर एकमेकांवरून घसरतात. विकतचें ब्लँकेटहि स्वस्त झालें, आणि कित्येक वाकळी ट्रंकेच्या तळाशीं गेल्या, कित्येक उकिरड्यावर. वरचा थर मावशीचा, आंतला आत्याचा, असें सांगणारी वृद्धा ज्या घरीं अद्याप आहे, तेथें तें कागदावर लिहून वाकळेच्या घडींत ठेवण्यास पांच मिनिटें पुरतात. एखाद्या कोपऱ्याची शिवण हलकेच उसवून पाहावी. वरचें कापड उन्हानें व धुण्यानें विटून गेलेलें असतें. आंतल्या पदरांत, जेथें ऊन पोंचलेंच नाहीं तेथें, लुगड्याचा लाल कांठ पुष्कळदां अजून लालच आढळतो.