नऊ नोव्हेंबर : तारीख, योगायोग आणि इतिहासकथन

१

‘काव्यशास्त्रा’च्या तेविसाव्या प्रकरणात महाकाव्य आणि इतिहास यांच्या रचनेतील भेद स्पष्ट करताना ॲरिस्टॉटलने दोन लढायांचे उदाहरण दिले आहे. इ. स. पू. ४८० मध्ये सालामिसजवळ ग्रीकांनी पर्शियन आरमाराचा पराभव केला आणि त्याच सुमारास सिसिलीतील ग्रीकांनी कार्थेजच्या सैन्याला नमविले. या दोन घटना कालदृष्ट्या शेजारी आहेत. परंतु त्यांचा रोख एकाच परिणतीकडे नाही, असे ॲरिस्टॉटलचे प्रतिपादन आहे. इतिहासाला एका कालखंडात जे जे घडले ते सांगावे लागते, मग त्या घटनांत परस्परसंबंध असो वा नसो. कवी मात्र एका कृतीभोवती आपली रचना बांधू शकतो. हेरोडोटसने याच दोन लढाया एकाच दिवशी झाल्याची सिसिलीतील समजूत नोंदवून ठेवली आहे. इतिहासकाराला जे आवर्जून सांगण्याजोगे वाटले, तेच तत्त्वचिंतकाला असंबद्धतेचा नमुना म्हणून उपयोगी पडले, ही गोष्ट लक्षणीय आहे.

येथे एक भेद आरंभीच करणे आवश्यक आहे. सालामिस आणि सिसिली येथील लढायांत निदान समकालिकता आहे. वेगवेगळ्या शतकांतील घटना जेव्हा केवळ एका तारखेच्या आधारे एकत्र मांडल्या जातात, तेव्हा समकालिकताही उरत नाही. वर्षचक्रातील एका स्थानाचे नाव तेवढे समान असते. वृत्तपत्रांतून आणि दिनदर्शिकांतून आढळणारा ‘दिनविशेष’ हा प्रकार या नामसाम्यावरच उभा आहे. मराठी इतिहासलेखनाच्या परंपरेतील शकावलीशी त्याची तुलना उद्बोधक ठरते. १९१६ मध्ये लोकमान्य टिळकांनी प्रकाशात आणलेली जेधे शकावली घटनांची नोंद शक, मास आणि तिथी यांच्या क्रमाने करते. ती कारणे सांगत बसत नाही. पण क्रम सोडत नाही. बखर त्या क्रमाला कथानकाचे रूप देते. दिनविशेष मात्र क्रमाचेच तुकडे करतो आणि निरनिराळ्या वर्षांतील एकेक तुकडा उचलून एका ओळीत मांडतो. हेडन व्हाइट यांनी ऐतिहासिक निवेदनाच्या चर्चेत वार्षिक नोंदी, इतिवृत्त आणि कथानकयुक्त इतिहास असे जे तीन प्रकार विचारात घेतले आहेत, त्यांपैकी कोणत्याही प्रकारात हा दिनविशेष बसत नाही. तो काळाविषयी बोलतो खरा, पण त्याच्या रचनेत काळाचा प्रवाह नसतो.

असे असूनही काही तारखांच्या बाबतीत ही यादी यादी राहत नाही, ती कथानकाकडे झुकू लागते. आधुनिक युरोपच्या इतिहासात याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे जर्मनीचा ९ नोव्हेंबर होय. १८४८, १९१८, १९२३, १९३८ आणि १९८९ या पाच वर्षांतील या तारखेच्या घटना एकत्र गुंफून जर्मन भाषेत तिला ‘नियतीचा दिवस’ या अर्थाचे नाव मिळाले आहे. हे ऐक्य नियतीचे, योगायोगाचे की कथनाचे, असा प्रश्न येथे उपस्थित होतो.

२

तारखेचे ऐक्य हे निसर्गदत्त नसून पंचांगदत्त असते, ही पहिली गोष्ट. शेक्सपिअर आणि सेर्व्हान्तेस या दोघांच्या निधनाची तारीख म्हणून २३ एप्रिल १६१६ हा दिवस सांगितला जातो आणि युनेस्कोने १९९५ मध्ये जागतिक ग्रंथदिनासाठी हीच तारीख निवडली. परंतु स्पेनमध्ये तेव्हा ग्रेगरीय कालगणना रूढ झाली होती, तर इंग्लंड जुन्या ज्युलियन गणनेलाच धरून होते. दोहोंत दहा दिवसांचे अंतर होते. तारीख एक, दिवस मात्र दोन. रशियातील ‘ऑक्टोबर’ क्रांतीचा स्मृतिदिन नव्या गणनेनुसार ७ नोव्हेंबरला येतो, तोही याच कारणाने. शिवजयंती तिथीने साजरी करावी की तारखेने, या महाराष्ट्रातील वादाच्या मुळाशीही हाच प्रश्न आहे : एका घटनेचा ‘तोच दिवस’ दरवर्षी परत येतो असे म्हणताना कोणते पंचांग प्रमाण मानायचे?

नऊ नोव्हेंबरच्या बाबतीतही या प्रश्नाला एक अनपेक्षित पूर्वपीठिका आहे. ९ नोव्हेंबर १७९९ रोजी फ्रान्समध्ये नेपोलियनने सत्तापालटाला आरंभ केला. पण त्या दिवशी फ्रान्समध्ये ‘नोव्हेंबर’ नव्हताच. क्रांतीने १७९३ मध्ये स्वीकारलेल्या प्रजासत्ताक पंचांगानुसार तो आठव्या वर्षातील १८ ब्रूमेअर हा दिवस होता. इतिहासाचा आरंभ नव्याने मोजण्याची आकांक्षा त्या पंचांगामागे होती. त्या आकांक्षेच्या अंताची खूण म्हणूनच ‘अठरा ब्रूमेअर’ हा शब्दप्रयोग राजकीय भाषेत शिल्लक राहिला. १८०६ च्या आरंभी पंचांग रद्द झाले, तारीख मात्र टिकली.

ती कशी टिकली, हे पाहणे साहित्याच्या अभ्यासकाला विशेष महत्त्वाचे वाटेल. नेपोलियनचा पुतण्या लुई बोनापार्ट याने २ डिसेंबर १८५१ रोजी प्रजासत्ताक मोडीत काढले. हा दिवस त्याने जाणीवपूर्वक निवडला होता. कारण काकाचा राज्याभिषेक १८०४ मध्ये आणि ऑस्टरलित्सचा विजय १८०५ मध्ये याच तारखेला झाला होता. पुढच्याच वर्षी मार्क्सने या घटनेवर जे विवेचन प्रसिद्ध केले, त्याच्या शीर्षकात मात्र २ डिसेंबर नाही. तेथे ‘लुई बोनापार्टचा अठरावा ब्रूमेअर’ आहे. पुतण्याने एका तारखेचे वैभव पांघरले; मार्क्सने ते काढून घेऊन त्याच्यावर दुसरी तारीख लादली. येथे तारीख कालनिर्देश करीत नाही, ती रूपकाचे कार्य करते. एका घटनेची तारीख दुसऱ्या घटनेला देणे म्हणजे दुसरीचे आकलन पहिलीच्या प्रकाशात करणे होय. तारखेत अशी लक्षणाशक्ती असू शकते, हे ध्यानात घेतल्यावरच जर्मन उदाहरणाकडे वळणे इष्ट ठरेल.

३

९ नोव्हेंबर १८४८ रोजी व्हिएन्नाजवळ ब्रिगिटेनाऊ येथे रॉबर्ट ब्लुम याला गोळ्या घालून ठार करण्यात आले. तो फ्रांकफुर्ट येथील राष्ट्रीय सभेचा सदस्य होता; तरीही सदस्य म्हणून त्याला असलेले संरक्षण लष्करी न्यायालयाने मानले नाही. सत्तर वर्षांनंतर, ९ नोव्हेंबर १९१८ रोजी बर्लिनमध्ये राजसत्ता कोसळली. या दोन घटनांत आशयाचे नाते दाखविता येते : एकीत लोकशाहीची आकांक्षा चिरडली गेली, दुसरीत ती फलद्रूप झाल्यासारखी दिसली. परंतु तारखेचे नाते दाखविता येत नाही. ब्लुमचा मृत्युदिन बंडखोर शहर पुन्हा ताब्यात घेणाऱ्या लष्कराच्या घाईने ठरला. १९१८ चा दिवस कील बंदरातील नौसैनिकांच्या उठावाची लाट राजधानीपर्यंत पोहोचण्यास जो अवधी लागला त्याने ठरला. हा शुद्ध योगायोग होय.

शिवाय १९१८ च्या त्या एका तारखेतही एकच घटना नाही. सम्राटाने पदत्यागाचा निर्णय घेण्यापूर्वीच चान्सलर माक्स फॉन बाडेन यांनी पदत्यागाची घोषणा करून टाकली. दुपारी फिलिप शायडमान यांनी संसदभवनातून प्रजासत्ताक जाहीर केले; त्यानंतर काही तासांतच कार्ल लीब्कनेख्त यांनी राजवाड्यावरून समाजवादी प्रजासत्ताकाची घोषणा केली. एका दिवसाच्या पोटात दोन परस्परविरोधी भविष्ये होती. पुढे त्यांतील एकाचीच नोंद ‘प्रजासत्ताकाची स्थापना’ म्हणून ठळक झाली. दिनविशेषाच्या एका ओळीत मावण्यासाठी दिवसाला असे सोलून घ्यावे लागते.

१९२३ चे उदाहरण याहून गुंतागुंतीचे आहे. ८ नोव्हेंबरच्या रात्री म्युनिकच्या एका बिअरगृहात गुस्टाफ फॉन कार यांचे भाषण चालू असताना हिटलरने सशस्त्र साथीदारांसह सभागृह ताब्यात घेतले. दुसऱ्या दिवशी शहरातून निघालेल्या मोर्चावर पोलिसांनी गोळीबार केला. मोर्चाच्या बाजूचे म्हणून गणले गेलेले सोळा जण आणि चार पोलीस ठार झाले. १९१८ च्या क्रांतीचा सूड घेणे, तिच्या नेत्यांना ‘नोव्हेंबरचे गुन्हेगार’ म्हणून हिणवणे, हा हिटलरच्या प्रचाराचा गाभा होता. त्यामुळे आशयाच्या पातळीवर १९१८ आणि १९२३ यांचे नाते कार्यकारणाचे आहे. मात्र नेमका दिवस हाती आला तो कार यांची सभा त्या रात्री होती म्हणून.

यानंतर या तारखेचे स्वरूपच पालटते. १९३३ मध्ये सत्ता मिळाल्यावर फसलेल्या उठावाचे रूपांतर पवित्र आख्यानात करण्यात आले. दरवर्षी ८ नोव्हेंबरला त्याच सभागृहात हिटलरचे भाषण आणि ९ तारखेला स्मरणयात्रा असा विधी ठरून गेला. १९३५ मध्ये त्या सोळा जणांच्या शवपेट्या म्युनिकच्या क्योनिग्सप्लात्स येथे उभारलेल्या ‘सन्मानमंदिरां’त हलविण्यात आल्या. तारीख आता घडून गेलेल्या गोष्टीची खूण राहिली नाही. माणसांना ठरावीक स्थळी, ठरावीक वेळी एकत्र आणणारी ती एक यंत्रणा बनली.

१९३८ ची घटना या यंत्रणेशिवाय समजत नाही. ७ नोव्हेंबरला पॅरिसमध्ये हेर्शेल ग्रीनश्पान या सतरा वर्षांच्या ज्यू मुलाने एर्न्स्ट फॉम राट या जर्मन मुत्सद्द्यावर गोळ्या झाडल्या; ९ तारखेला तो मरण पावला. ही वार्ता पोहोचली तेव्हा पक्षाचे नेते स्मरणविधीनिमित्त म्युनिकमध्येच जमलेले होते. गोबेल्सच्या चिथावणीनंतर तेथूनच सूचना देशभर गेल्या. चौदाशेहून अधिक सिनेगॉग आणि प्रार्थनागृहे उद्ध्वस्त झाली, सुमारे तीस हजार ज्यू पुरुषांना छळछावण्यांत पाठविण्यात आले. मृतांची ९१ ही अधिकृत संख्या प्रत्यक्षाहून पुष्कळच कमी होती. फॉम राटचा मृत्यू त्याच दिवशी व्हावा हा योगायोग. पण त्या दिवशी सर्व सूत्रधार एका सभागृहात असावेत हा योगायोग नव्हे. स्मरणाने हिंसेला स्थळ, वेळ आणि श्रोतृवृंद पुरविला.

हीच नियमितता विरोधकालाही उपयोगी पडू शकते, हे पुढच्याच वर्षी दिसले. गेओर्ग एल्झर या सुतारकाम करणाऱ्या कारागिराने ८ नोव्हेंबरला हिटलर कोठे उभा असेल हे वर्षभर आधी गृहीत धरले आणि अनेक रात्री खपून त्या सभागृहाच्या खांबात बाँब बसविला. १९३९ च्या त्या रात्री हिटलर नेहमीपेक्षा लवकर निघाला. तेरा मिनिटांनी स्फोट झाला. आठ जण मेले, हिटलर वाचला. एल्झरला एप्रिल १९४५ मध्ये दाखाऊ येथे ठार करण्यात आले. एल्झरने तारीख वाचली ती श्रद्धाळूसारखी नव्हे. एखादी संहिता तिच्या फटी हेरीत वाचावी तशी.

१९८९ मात्र पुन्हा योगायोगाकडे परतते. ९ नोव्हेंबरच्या संध्याकाळी पूर्व बर्लिनमधील पत्रकार परिषदेत ग्युंटर शाबोव्स्की यांनी परदेशप्रवासाचे नवे नियम वाचून दाखविले. ते दुसऱ्या दिवसापासून अमलात यायचे होते. पण प्रश्न विचारला जाताच शाबोव्स्कींनी ते तत्काळ लागू असल्याचे सांगितले. लोक सीमानाक्यांवर लोटले आणि मध्यरात्रीच्या सुमारास बोर्नहोल्मर रस्त्यावरील फाटक उघडावे लागले. एका अधिकाऱ्याची गफलत झाली नसती, तर भिंत कदाचित १० नोव्हेंबरला खुली झाली असती आणि ‘नियतीचा दिवस’ या कथानकाला त्याचा शेवट मिळाला नसता.

४

वरील विवेचनावरून एका तारखेच्या घटनांमध्ये तीन प्रकारची नाती संभवतात असे म्हणता येईल. पहिले केवळ नामसाम्याचे. १८४८ आणि १९१८ किंवा १९३८ आणि १९८९ यांचे नाते या प्रकारचे आहे. दुसरे स्मरणजन्य कार्यकारणाचे. १९२३ आणि १९३८ यांत ते आढळते. तिसरे रूपकाचे, मार्क्सच्या शीर्षकात त्याचे दर्शन घडते. ‘नियती’ हा शब्द या तिन्हींची सरमिसळ करतो आणि माणसांनी केलेल्या कृत्यांची जबाबदारी पंचांगावर ढकलतो. १९३८ ची रात्र नियतीने आणली नाही. ती घडविणाऱ्यांची नावे ज्ञात आहेत.

परंतु योगायोग आहे एवढे सिद्ध केल्याने प्रश्न संपत नाही. पाउल सेलान याने १९६० मध्ये ब्यूखनर पुरस्कार स्वीकारताना केलेल्या भाषणात प्रत्येक कवितेत तिची अशी एक ‘२० जानेवारी’ कोरलेली असते का, असा विचार मांडला. ब्यूखनरच्या ‘लेन्त्स’ या कथेचा नायक २० जानेवारीला डोंगरातून चालू लागतो. १९४२ मध्ये याच तारखेला वान्से येथील बैठकीत ज्यूंच्या संहाराच्या अंमलबजावणीची आखणी झाली. सेलानने दुसऱ्या घटनेचे नाव घेतले नाही. तारीख उच्चारणे पुरेसे होते. १९३८ च्या नोव्हेंबरमध्ये वैद्यकाच्या शिक्षणासाठी फ्रान्सला निघालेला हा तरुण कवी बर्लिनमार्गे गेला, तो नेमका त्या संहाराच्या रात्रीच्या सुमारास. देरिदाने १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘शिबोलेथ’ या सेलानवरील पुस्तकात तारखेचा हाच विरोधाभास विवेचिला आहे : तारीख एकमेवाद्वितीय क्षणाची असते, पण ती वाचता येण्यासाठी तिला परत यावे लागते. परत येताना ती मूळ क्षण जपते आणि झाकतेही.

हा निव्वळ सिद्धांताचा प्रश्न नाही. एकीकरणानंतर जर्मनीचा राष्ट्रीय दिन कोणता असावा याचा विचार होत असताना ९ नोव्हेंबरचे नाव पुढे आले. पण १९३८ च्या आठवणीमुळे ते मागे पडले आणि ३ ऑक्टोबर ही १९९० मधील एकीकरणाची तारीख स्वीकारली गेली. भिंतीवर नाचणाऱ्या लोकांचे चित्र जळत्या सिनेगॉगांच्या चित्रावर चढून बसेल, ही भीती अनाठायी नव्हती. मात्र कोरी तारीख निवडल्याने प्रश्न सुटला असेही नाही. २०१८ मध्ये राष्ट्राध्यक्ष फ्रांक-वाल्टर श्टाइनमायर यांनी ९ नोव्हेंबरलाच संसदेत केलेल्या भाषणात या दिवसाचे उजळ आणि काळे असे दोन्ही पदर एकत्र धरण्याचा प्रयत्न केला.

ॲरिस्टॉटलचा आक्षेप येथे नव्याने वाचता येतो. एकाच वेळी घडलेल्या, पण एका परिणतीकडे न जाणाऱ्या घटना हा त्याच्या मते इतिहासाचा कमीपणा होता. नऊ नोव्हेंबरच्या बाबतीत तोच इतिहासाचा प्रामाणिकपणा ठरतो. या पाच घटनांतून एक सुखान्त कथानक रचले, तर १९३८ हा केवळ १९८९ कडे जाणाऱ्या वाटेवरचा टप्पा होतो. तशीच शोकात्मिका रचली, तर १९८९ च्या रात्री नाक्यावर उभ्या राहिलेल्या माणसांचे धैर्य बेदखल होते. या तारखेचे निरूपण करताना घटना शेजारी ठेवाव्यात, पण त्यांच्यातील अंतर पुसू नये. शकावली लिहिणाऱ्याचा हा संयम आधुनिक इतिहासकाराला आणि समीक्षकालाही अंगीकारावा लागेल.